वाघांच्या छायाचित्रांचे सामाईक भांडार

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात एका स्वयंचलित कॅमेऱ्याने वाघाचे छायाचित्र टिपले. हे अभयारण्य लहानसे. वाघांची वस्ती असलेले अरण्य म्हणून त्याची ख्याती मुळीच नाही. त्यामुळे ते चित्र पाहणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, की हा प्राणी येथे आला कोठून? वाघ बोलत नाही. परंतु त्याच्या अंगावरचे पट्टे बोलतात. पूर्वी काढून ठेवलेल्या छायाचित्रांशी ते पट्टे ताडून पाहता असे आढळले, की तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचा नर वाघ आहे. म्हणजे शेते, रस्ते, नद्या आणि गावे ओलांडून सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटरांचे अंतर त्याने काटले होते, आणि तेही कोणाच्या फारसे दृष्टीस न पडता.

या घटनेत वाघाच्या पायांचे कौतुक सर्वांनीच केले. परंतु तितक्याच कौतुकास पात्र अशी आणखी एक गोष्ट तीत आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. धाराशिवचे चित्र एकटे असते, तर त्यावरून ‘एक वाघ’ एवढेच कळले असते. त्याला अर्थ आला तो टिपेश्वरात काढलेले चित्र कोणी तरी जपून ठेवले होते, त्याची नोंद केली होती आणि ते दुसऱ्याच्या हाती पडू शकेल अशा ठिकाणी होते, म्हणून. जीवसृष्टीची छायाचित्रे आज लाखांनी नव्हे, कोटींनी निघत आहेत. ती ठेवावयाची कशी, वाटावयाची कोणास, आणि कोणापासून राखावयाची, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो रानातल्या वाघाचा आहे, रानात जाणाऱ्या माणसाचा आहे आणि कापसाच्या शेताचाही आहे.

टिपेश्वर अभयारण्य पांढरकवड्याच्या बाजूस, तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. त्याचे क्षेत्रफळ १४८ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. वाढीस लागलेल्या तरुण नर वाघास एवढी जागा पुरत नाही आणि मग तो वाट फुटेल तिकडे निघतो. येथीलच ‘वॉकर’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या वाघाच्या गळ्यात २०१९ च्या आरंभी पट्टा बांधण्यात आला होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये तो निघाला आणि महाराष्ट्राचे सात जिल्हे व तेलंगणाचा भाग तुडवीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत त्याची पायपीट सुमारे ३,००० किलोमीटर भरली, आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्याच्या ठावठिकाण्याच्या ५,००० हून अधिक नोंदी मिळाल्या. परंतु असा पट्टा किती वाघांच्या गळ्यात बांधता येणार? त्यासाठी प्राण्यास बेशुद्ध करावे लागते, खर्च येतो, धोकाही असतो. बाकीच्या वाघांचा माग ठेवावयाचा तर छायाचित्राचाच आश्रय घ्यावा लागतो.

वाघाचे छायाचित्र वाघाकडूनच काढवून घेण्याची कल्पना नवी नव्हे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात हिंदुस्थानच्या जंगलात वाटेवर तार ताणून ठेवली आणि तिला वाघाचा पाय लागताच कॅमेरा चालू होईल अशी योजना केली. आजच्या कॅमेऱ्यास तार लागत नाही. समोरून उष्ण देहाचा प्राणी हलला, की ते ओळखून तो आपोआप चित्र घेतो. वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजवीसारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोहो बाजूंस समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखाच हा प्रकार आहे. या गुणाचा उपयोग करून वाघांच्या संख्येचे शास्त्रशुद्ध अनुमान करण्याची पद्धत डॉ. उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळ येथे रूढ केली; त्यासंबंधीचा त्यांचा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

एखाद्या वनरक्षकाने दहा वाघांचे पट्टे डोळ्यांनी ओळखावे, हे शक्य आहे. पुष्कळ वनरक्षक ओळखतातही. परंतु सगळ्या देशाचा हिशेब मांडावयाचा म्हटला, की डोळे थकतात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले आणि त्यांतून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे निघाली. त्यांपैकी वाघांची चित्रे ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती. म्हणजे वाघाचे एक चित्र हाती लागावे म्हणून सुमारे साडेचारशे चित्रे चाळावी लागली. उरलेल्यांत हरणे होती, रानडुकरे होती, गुरे होती, वाऱ्याने हललेले गवत होते आणि रानातून जाणारी माणसेही होती. ही निवड संगणकाकडून करवून घेण्यात आली. नंतर वाघांच्या चित्रांतून संगणकाने पट्ट्यांचे नमुने काढले, वाघ वळून उभा असेल तर त्याच्या देहाचा कोन हिशेबात धरला, आणि चित्रे एकमेकांशी ताडून बछडे वगळता २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. जगातील सर्वांत मोठे कॅमेरा-सर्वेक्षण म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथाने या कार्याची नोंद घेतली.

परंतु चित्रांचा ढीग म्हणजे भांडार नव्हे. यवतमाळच्या लोकांस हे कापसाच्या दृष्टांताने चटकन पटेल. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गाठीवर प्रेसचा शिक्का आणि क्रमांक असतो. गाठ मुंबईस गेली किंवा परदेशी गेली, तरी ती कोठे बांधली गेली हे त्या खुणेवरून कळते. खूण नसलेल्या गाठीतील रुई कितीही उत्तम असो, तिच्याविषयी खात्री देणारा कोणी नसतो. छायाचित्राचेही तसेच आहे. ते कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या जागी, कोणत्या कॅमेऱ्याने घेतले. त्यातील प्राणी कोणी ओळखला आणि कशावरून ओळखला. ही सर्व माहिती चित्रास कायमची जोडलेली पाहिजे. ती कोणाच्या वहीत राहिली आणि चित्र दुसऱ्याच्या संगणकात गेले, म्हणजे दोहोंचीही किंमत संपली.

नावांचा घोटाळा तर याहून नाजूक. वाघांस इंग्रजी अक्षर आणि आकडा देऊन ओळखण्याची वहिवाट आहे. ‘वॉकर’ची आई ही टिपेश्वरातील टी-१ वाघीण. आणि त्याच पांढरकवडा भागात जिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा आरोप ठेवण्यात आला व जी २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली, ती ‘अवनी’ नावाने सर्वत्र गाजलेली वाघीणही टी-१च. एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, दोन वाघिणी आणि एक नाव! जाणत्यास त्यांतील भेद ठाऊक असतो. परंतु वीस वर्षांनी दूर देशी बसून या नोंदी चाळणाऱ्या अभ्यासकास तो कोण सांगणार? ज्या प्राण्यास जिवंत ठेवावयाचे की मारावयाचे याचा निर्णय व्हावयाचा असतो, त्याची ओळख तरी निःसंदिग्ध असली पाहिजे. अंगावरचे पट्टे ही निसर्गाने दिलेली खूण बदलत नाही. माणसाने दिलेला क्रमांक मात्र सगळ्या देशात एकच एक राहील, अशी व्यवस्था माणसासच करावी लागते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्था यांनी वाघांच्या छायाचित्रांचे जे राष्ट्रीय भांडार उभे केले, त्याचे खरे महत्त्व या ठिकाणी आहे.

अशा भांडाराचा उपयोग जिवंत वाघापुरताच नाही. चोरट्या शिकाऱ्याकडून जप्त केलेल्या कातड्यावरही पट्टे तसेच असतात. डॉ. कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, जिवंतपणी काढलेल्या चित्राशी कातडे जुळवून तो वाघ कोठला होता हे सांगता येते, असे दाखवून दिले. एका राज्यात काढलेले चित्र दुसऱ्या राज्यातील अधिकाऱ्यास पाहावयास मिळाले, तरच हे घडते. चित्र आपल्याच कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या कचेरीस आपण खबरदारी घेत आहोत असे वाटते. वस्तुतः ती साक्षीदारास कोंडून ठेवीत असते.

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. कोट्यवधी चित्रे एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवावयाची कशी? सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांस या अडचणीने फार छळले. वाढत्या गर्भातील पेशींची क्षणाक्षणाला, थराथराने चित्रे घेणारी यंत्रे निघाली, आणि एका प्रयोगातून निघणारी चित्रे साध्या संगणकात मावेनाशी झाली. त्यावर स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या मंडळींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी साधने तयार केली, त्यांचे तत्त्व सोपे आहे. चित्र जागचे हलवावयाचे नाही. पाहणाऱ्याने आपल्या घरून त्याच्या खिडकीशी यावयाचे. मोठ्या चित्राचे नकाशाप्रमाणे लहान लहान चौकोन पाडून ठेवतात, आणि पाहणारा ज्या भागावर दृष्टी टाकील तेवढाच चौकोन त्याच्या पडद्यावर येतो. इंग्लंडात केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथे २०१९ मध्ये अशा चित्रांसाठी एक सार्वजनिक संग्रह सुरू झाला. निबंध छापणाऱ्या संशोधकाने मूळ चित्रे तेथे ठेवावी आणि निबंधात त्यांचा कायमचा क्रमांक द्यावा, अशी ती रीत आहे. भारतातही फरिदाबाद येथे १० नोव्हेंबर २०२२ रोजी भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले. त्याची साठवणक्षमता ४ पेटाबाइट सांगण्यात आली, म्हणजे सुमारे ४० लाख गिगाबाइट. सरकारी पैशाने निर्माण झालेली जीवशास्त्रीय माहिती परदेशी कोठारांवरच अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू.

भांडार सर्वांस खुले केल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण आफ्रिकेतील सेरेंगेटीचे आहे. तेथे १,१२५ चौरस किलोमीटर प्रदेशात २२५ कॅमेरे लावण्यात आले आणि २०१३ पर्यंत १२ लाख चित्रसंच जमले. संशोधक मोजके, चित्रे अगणित. तेव्हा त्यांनी ती आंतरजालावर मांडली आणि जगास मदतीचे आवाहन केले. नाव नोंदविलेल्या २८,००० हून अधिक आणि नाव न नोंदविलेल्या सुमारे ४०,००० हौशी लोकांनी घरबसल्या चित्रे पाहून प्राणी ओळखले. हे निर्णय १ कोटी ८ लाखांवर गेले. २०१५ मध्ये हा सारा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे २०१८ मध्ये संशोधकांनी याच चित्रांवर संगणकास प्राणी ओळखावयास शिकविले. कॅमेरे लावण्याच्या मूळ हेतूपलीकडचा हा उपयोग होता. उघड्या भांडाराचे वैशिष्ट्य हेच, की त्यातून कोण काय घेऊन जाईल हे ठेवणाऱ्यास आधी सांगता येत नाही.

असे आणखी एक उदाहरण यवतमाळच्या शेतकऱ्यास अधिक जवळचे वाटेल. गुलाबी बोंडअळीचा पतंग कपाशीवर आला आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाययोजनेची वेळ आली, असे कृषितज्ज्ञ सांगतात. परंतु पतंग नेमका तोच की दुसरा, हे ओळखणे आणि मोजणे सर्वांस जमत नाही. मुंबईच्या वाधवानी संस्थेने सापळ्यातील पतंगांच्या छायाचित्रावरून संगणकाने ते मोजावे व सल्ला द्यावा, अशी योजना केली, आणि अशा छायाचित्रांचा एक संच इतर संशोधकांसाठी खुलाही केला. फवारणी करावी की थांबावे, हा या जिल्ह्यात केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. एक नाहक फवारणी टळली, तर कोणा तरी घरातील कर्त्या माणसाचा एक दिवस विषाविना गेला, असाच तिचा अर्थ घ्यावयास हवा. पतंगाची चित्रे जितकी मोकळी होतील, जितक्या जास्त लोकांस ती तपासता येतील, तितके बरे. पतंगास चोरट्या शिकाऱ्याचे भय नाही.

वाघास ते आहे, आणि भांडाराचा दुसरा धर्म येथे सुरू होतो. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील पन्ना येथील एका वाघाच्या गळपट्ट्यातील ठावठिकाणा ज्या टपालखात्यात येत असे, ते आंतरजालावरील खाते कोणी तरी पुण्याहून उघडू पाहिले. तो प्रयत्न यंत्रणेने अडविला. त्यामागील हेतू काय होता हे सिद्ध झाले नाही. परंतु सर्वांस धडा मिळाला. वाघाचे चित्र निरुपद्रवी दिसते. त्याच्या कोपऱ्यातील जागेची नोंद मात्र शिकाऱ्यास दाखविलेली वाट ठरू शकते. म्हणूनच २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘वाइल्डलाइफ इनसाइट्स’ या जागतिक भांडारात दुर्मीळ प्राण्याचे चित्र सर्वांस दिसले, तरी त्याची नेमकी जागा मुद्दाम धूसर केली जाते आणि माणसांची चित्रे लोकांपुढे येऊ दिली जात नाहीत.

हे दुसरे पथ्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. कॅमेरा वाघासाठी लावलेला असला, तरी समोरून कोण जात आहे हे त्यास कळत नाही. सरपणास जाणाऱ्या बाया, मोहाची फुले व तेंदूपाने वेचणारी कुटुंबे, गुराखी पोरे, सर्वांची चित्रे तो सारख्याच निर्विकारपणे घेतो. उत्तराखंडातील कॉर्बेटच्या परिसरात याचे फार वाईट परिणाम झाल्याचे केंब्रिज विद्यापीठातून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. देहधर्मासाठी रानात गेलेल्या एका स्त्रीचे असे चित्र बाहेर पडून लोकांत फिरले, आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. ज्या स्त्रिया रानात मोकळेपणाने गात, बोलत, त्या कॅमेऱ्यांच्या धाकाने गप्प राहू लागल्या; वास्तविक मोठ्याने बोलण्यानेच वन्य पशू दूर राहतात. चित्र निष्काळजीपणे वाटले गेले, म्हणजे अब्रूही जाते आणि जीवही धोक्यात येतो. आणि त्या रागाची किंमत शेवटी वाघासही मोजावी लागते, कारण गावाने पाठ फिरविलेल्या रानात वाघ फार दिवस सुखाने राहत नाही.

तेव्हा सर्व खुले करा, हे म्हणणे जसे भाबडेपणाचे, तसेच सर्व झाकून ठेवा, हेही आळसाचे. पतंगाचे चित्र चावडीवर टांगावे. वाघाचे चित्र ज्याचे त्यास काम आहे त्यास तत्काळ मिळावे, परंतु त्याची जागा मोजक्या जबाबदार माणसांसच ठाऊक असावी. आणि माणसाचे चित्र कोणासही न दाखविता पुसून टाकावे. एकाच भांडारास तीन दारे असावीत आणि प्रत्येक दाराच्या किल्ल्या निराळ्या असाव्यात, एवढाच या सर्वांचा इत्यर्थ आहे. साधने तयार आहेत. उणीव असते ती नोंद काटेकोरपणे ठेवण्याच्या सवयीची, आणि दुसऱ्या कचेरीस आपले चित्र देताना वाटणारा संकोच सोडण्याची.

आणखी एक ऋण फेडावयाचे राहते. या भांडारातील प्रत्येक चित्रामागे उन्हापावसात कॅमेरा झाडास बांधणारा, त्यातील पत्ती काढून आणणारा, तारीख व वेळ तपासून लिहिणारा वनरक्षक किंवा वनमजूर असतो, आणि रानाच्या कडेस राहून वाघाचे शेजारपण सोसणारे गाव असते. चित्र डेहराडूनला पोचते, निबंध परदेशी छापला जातो. परंतु आपल्या शिवारातून वाघाची ये-जा वाढली आहे काय, पहाटे शेतावर जाताना सावध राहावयास हवे काय, एवढा साधा निष्कर्ष त्या गावास वेळेवर कळला पाहिजे. टिपेश्वराहून निघालेला वाघ धाराशिवला पोचतो, तेव्हा वाटेत शेकडो गावांच्या शिवारातून तो गेलेला असतो. त्या गावांस नेमकी जागा सांगून भय घालू नये, तसे अंधारातही ठेवू नये. ज्यांच्या भूमीवर चित्रे निघाली, त्यांच्या दारी त्यांचा उपयोग परत आला, तरच त्या भांडारास सामाईक म्हणता येईल.